विमानतळावरील सुरक्षा तपासणी : व्यवस्थापकीय नियंत्रणातून कार्यक्षमता व सुरक्षितता (पुणे-लोहगाव विमानतळाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

विमानप्रवास हा एकेकाळी समाजातील मूठभर वर्गापुरता मर्यादित होता. उदारीकरणानंतर, विशेषतः स्वस्त दराच्या विमान कंपन्या आल्यानंतर, तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. पुणे शहराच्या पूर्व भागातील खराडी हे या बदलाचे बोलके उदाहरण होय. मुळा-मुठेच्या काठावरील हे गाव आज इऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर यांसारख्या संकुलांमुळे माहिती तंत्रज्ञान क्षेत्राचे केंद्र बनले आहे. सकाळी दिल्ली किंवा बेंगळुरूला जाऊन रात्री परतणारा नोकरदार वर्ग येथे मोठ्या संख्येने राहतो. येथून लोहगावचा विमानतळ अवघ्या सहा-सात किलोमीटरवर आहे. तथापि, हे अंतर कापण्यास किती वेळ लागेल आणि विमानतळावर पोहोचल्यावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत किती वेळ जाईल, या दोन्ही गोष्टी प्रवाशाला आधी सांगता येत नाहीत.

सुरक्षा तपासणीकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. प्रवाशाच्या दृष्टीने ती वेळखाऊ अडचण असते, तर सुरक्षा यंत्रणेच्या दृष्टीने ती तडजोड न करण्याची बाब असते. त्यामुळे ‘रांग कमी करावयाची तर सुरक्षा सैल करावी लागेल’ असा समज रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात या समजाची व्यवस्थापनशास्त्राच्या आधारे चिकित्सा केली आहे.

उद्दिष्टे :

१) भारतातील विमानतळ सुरक्षा तपासणीच्या रचनेचा थोडक्यात परिचय करून देणे.
२) तपासणीच्या ठिकाणी रांग का वाढते, याची कारणमीमांसा करणे.
३) कार्यक्षमता आणि सुरक्षितता यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
४) पुणे विमानतळाच्या संदर्भात व्यवस्थापकीय नियंत्रणाचे उपाय सुचविणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती :

‘योग्य व्यवस्थापकीय नियंत्रण असल्यास तपासणीची कार्यक्षमता व सुरक्षितता या दोन्ही एकाच वेळी वाढू शकतात’ हे या लेखाचे गृहीतक आहे. लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनसामग्रीचा आधार घेतला आहे. रांगेच्या गणितासाठी दिलेली उदाहरणे स्पष्टीकरणापुरती आहेत.

सुरक्षा व्यवस्थेची जडणघडण :

भारतातील विमानतळ सुरक्षेचा इतिहास हा बहुतांशी आघातांनंतर केलेल्या सुधारणांचा इतिहास आहे. सप्टेंबर १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेसाठी स्वतंत्र कक्ष निर्माण झाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिक महासागरावर स्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ जणांचा मृत्यू झाला. सामानासोबत प्रवासी नसताना ते सामान विमानात जाऊ देणे किती घातक ठरते, हे या घटनेने जगाला दाखविले. पुढे १ एप्रिल १९८७ पासून उपरोक्त कक्षाचे रूपांतर नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो या स्वतंत्र विभागात करण्यात आले. डिसेंबर १९९९ मधील आयसी-८१४ विमानाच्या अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्याचा निर्णय झाला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून त्याची सुरुवात झाली.

आज या व्यवस्थेत कामाची विभागणी अशी आहे. नियम ठरविणे व त्यांच्या पालनावर देखरेख ठेवणे हे सुरक्षा ब्युरोचे काम आहे. प्रवाशांची व हातातील सामानाची प्रत्यक्ष तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. इमारत, क्ष-किरण यंत्रे, ट्रे आणि जागा पुरविण्याची जबाबदारी विमानतळ चालकाची, म्हणजे पुण्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाची, असते. हातातील सामानाच्या मर्यादेची अंमलबजावणी विमान कंपन्यांनी करावयाची असते. या सुरक्षेचा खर्च प्रवासीच तिकिटातून देतो. १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवाशासाठी हे विमान सुरक्षा शुल्क २०० रुपये करण्यात आले. म्हणून तपासणी ही शासनाची सत्ता असली तरी ती पैसे मोजून घेतलेली सेवाही आहे, हे विसरता येत नाही.

पुणे विमानतळाचे वेगळेपण :

लोहगाव हा मूलतः भारतीय हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी हवाई दलाची असून नागरी विमानतळ हा त्यातील एक स्वतंत्र विभाग आहे. येथे सुखोई-३० विमानांच्या तुकड्या असल्याने सराव-उड्डाणांसाठी वेळ राखून ठेवावा लागतो. साहजिकच नागरी उड्डाणांना मिळणाऱ्या वेळा मर्यादित राहतात आणि उड्डाणे ठरावीक तासांत एकवटतात. धावपट्टीच्या पुनर्पृष्ठीकरणासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये हा विमानतळ दोन आठवडे पूर्णपणे बंद ठेवावा लागला होता. त्यावरून एकाच धावपट्टीवरील अवलंबित्व स्पष्ट होते.

दुसरी महत्त्वाची बाब नव्या टर्मिनलची आहे. पन्नास हजार चौरस मीटरहून अधिक क्षेत्रफळाच्या या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. मात्र प्रवाशांसाठी ते १४ जुलै २०२४ पासून खुले झाले. मधल्या चार महिन्यांत इमारत उभी होती, परंतु वापरात नव्हती. सुरक्षा दलाच्या वाढीव मनुष्यबळाची मंजुरी व तैनाती हा या विलंबातील एक प्रमुख मुद्दा होता. इमारत, यंत्रे आणि माणसे यांचे नियोजन वेगवेगळ्या कार्यालयांत होत असेल तर सर्वांत उशिरा येणारा घटक संपूर्ण प्रकल्पाचा वेग ठरवितो, हा व्यवस्थापनाचा धडा यातून मिळतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात पुणे विमानतळाने एक कोटी प्रवाशांचा टप्पा ओलांडला. पुरंदर तालुक्यातील प्रस्तावित विमानतळ प्रत्यक्षात येईपर्यंत हा भार लोहगावलाच पेलावा लागणार आहे.

रांग का वाढते? :

रांगेच्या शास्त्राचा पाया डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन यंत्रणेच्या अभ्यासातून घातला. या शास्त्राचा एक निष्कर्ष सामान्य अनुभवाला सहसा जाणवत नाही. यंत्रणेचा वापर तिच्या क्षमतेच्या जवळ जाऊ लागला की रांग त्या प्रमाणात न वाढता अनेक पटींनी वाढते. माणसे अनियमितपणे येणाऱ्या एका खिडकीचे साधे प्रारूप घेतले, तर क्षमतेच्या ८० टक्के वापराला रांगेत सरासरी सुमारे ३ व्यक्ती असतात. ९० टक्क्यांना ८ आणि ९५ टक्क्यांना १८ होतात. याचाच अर्थ, गर्दीच्या तासात एखादी तपासणी मार्गिका अधिक उघडल्याने होणारा लाभ फार मोठा असतो. तीच मार्गिका दुपारी रिकाम्या वेळी उघडी ठेवून मात्र काहीच साधत नाही. प्रश्न केवळ मनुष्यबळाच्या संख्येचा नसून ते कोणत्या तासाला उपलब्ध आहे याचाही असतो.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियमही येथे उपयुक्त आहे. येणाऱ्यांचा दर आणि प्रत्येकाचा थांबण्याचा सरासरी काळ यांचा गुणाकार म्हणजे त्या जागेत थांबलेल्यांची संख्या. समजा, तासाला ६०० प्रवासी येतात व प्रत्येकी १२ मिनिटे थांबतात, तर कोणत्याही क्षणी १२० जण तेथे उभे असतात. थांबण्याचा काळ २० मिनिटे झाला की ही संख्या २०० होते. सभागृह मोठे बांधल्याने २०० जणांना जागा मिळते, पण त्यांची रांग कमी होत नाही.

यात प्रवाशांच्या वर्तनाचाही वाटा आहे. खराडी बाह्यवळण चौक, चंदननगर आणि विमाननगर येथील वाहतुकीचा भरवसा नसल्याने सावध प्रवासी आवश्यकतेपेक्षा बराच लवकर निघतो. सर्वच जण असे करू लागले की पुढच्या विमानांचे प्रवासीही आधीच्या विमानांच्या प्रवाशांसोबत रांगेत येतात. रांग लांबल्याचे ऐकून इतर प्रवासी आणखी लवकर येतात. अशा रीतीने माहितीचा अभाव हाच गर्दीचे एक कारण ठरतो.

तपासणीतील खरी अडचण कोठे असते, हेही पाहणे आवश्यक आहे. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार कोणत्याही साखळीचा वेग तिच्यातील सर्वांत अरुंद टप्प्यावर अवलंबून असतो. तपासणीत हा टप्पा अनेकदा क्ष-किरण यंत्र हा नसतो. यंत्राच्या अलीकडे लॅपटॉप, पट्टा, मोबाईल काढून ट्रेमध्ये ठेवणारा प्रवासी आणि यंत्राच्या पलीकडे तेच सामान पुन्हा भरणारा प्रवासी पट्टा अडवून ठेवतात. भारतात धातुशोधक चौकटीतून गेल्यावरही प्रत्येक प्रवाशाची हातातील शोधकाने तपासणी होते. महिलांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचाऱ्यांकडून होते. त्या कक्षांची व कर्मचाऱ्यांची संख्या महिला प्रवाशांच्या प्रमाणात नसेल तर सामान पुढे जाते आणि प्रवासी मागे राहते. आपली पर्स व मोबाईल नजरेआड राहणे ही त्या प्रवाशाच्या दृष्टीने स्वतंत्र असुरक्षितताच होय.

कार्यक्षमता विरुद्ध सुरक्षितता : एक अपुरा समज :

रांग ही केवळ गैरसोय नसते. ती स्वतःच एक धोका असते. २२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्स आणि २८ जून २०१६ रोजी इस्तंबूल येथील विमानतळांवर झालेल्या हल्ल्यांत तपासणीच्या अलीकडील गर्दीला लक्ष्य करण्यात आले. पुणेकरांना यासाठी दूरची उदाहरणे शोधण्याची गरज नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत ठेवलेल्या बेवारस पिशवीतील स्फोटाने १७ जणांचे प्राण घेतले. गर्दीत बेवारस वस्तू लवकर लक्षात येत नाही. म्हणून रांग कमी करणे हा सुरक्षेचाच एक भाग ठरतो.

याउलट, केवळ वेगाचा आग्रह धरल्यास काय होते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. तेथील गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी घेतलेल्या गुप्त चाचण्यांत ७० पैकी ६७ प्रयत्नांत प्रतिबंधित वस्तू तपासणीतून पार झाल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. रांगेच्या वेगावर दिलेला अवाजवी भर हे त्याचे एक कारण असल्याचे त्या यंत्रणेच्या प्रमुखांनीच नंतर मान्य केले. पुढे तपासणी कडक करण्यात आली. परंतु कर्मचारी आधीच कमी झालेले असल्याने मे २०१६ मध्ये अनेक विमानतळांवर रांगा लांबल्या व प्रवाशांची विमाने चुकली. एकाच निकषावर लक्ष ठेवले की दुसरा निकष ढासळतो, हे दोन्ही टप्प्यांत दिसून येते.

मानवी मर्यादेचाही विचार करावा लागतो. २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वुल्फ व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. शोधावयाची वस्तू निम्म्या चित्रांत असताना ती नजरेतून सुटण्याचे प्रमाण ७ टक्के होते. केवळ १ टक्का चित्रांत असताना ते ३० टक्क्यांवर गेले. जे क्वचितच आढळते ते डोळ्यांतून निसटते. विमानतळावर तर खरा धोका लाखो पिशव्यांत एखादाच असतो. यासाठी यंत्राच्या पडद्यावर अधूनमधून धोकादायक वस्तूंच्या कृत्रिम प्रतिमा दाखविण्याची सोय केलेली असते. त्यामुळे कर्मचाऱ्याची सजगता टिकते आणि तिचे मोजमापही होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार एका कर्मचाऱ्याने सलग २० मिनिटांपेक्षा अधिक काळ प्रतिमा पाहू नयेत व त्यानंतर किमान १० मिनिटे त्या कामापासून विश्रांती घ्यावी, असे बंधन आहे. रांग लांबली म्हणून ही अदलाबदल टाळली, तर बचत काही मिनिटांची होते आणि किंमत मात्र सुरक्षेला मोजावी लागते.

व्यवस्थापकीय नियंत्रणाचे तीन टप्पे :

हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये नियंत्रण हे व्यवस्थापनाचे एक मूलभूत कार्य मानले. पुढील काळात नियंत्रणाचे पूर्वनियंत्रण, समकालिक नियंत्रण व प्रत्याभरण नियंत्रण असे तीन प्रकार मानले गेले. सुरक्षा तपासणीला ते पुढीलप्रमाणे लागू होतात.

अ) पूर्वनियंत्रण : प्रवासी रांगेत येण्यापूर्वीच अडचण टाळणे. विमानांच्या वेळापत्रकावरून पुढील दिवसाची ताशी गर्दी काढता येते व त्यानुसार मार्गिका आणि कर्मचारी ठरविता येतात. हातातील एकाच पिशवीचा नियम विमान कंपनीच्या खिडकीवरच पाळला गेला तर क्ष-किरण यंत्रावरील भार घटतो. प्रतिबंधित वस्तूंची माहितीही वेळेवर मिळाली पाहिजे. नारळाचे उदाहरण येथे घेता येईल. देवस्थानाहून येणाऱ्या मराठी प्रवाशाच्या पिशवीत नारळ असणे स्वाभाविक असते, पण हातातील सामानात त्याला मनाई आहे. शबरीमला यात्रेकरूंसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये ही अट २० जानेवारी २०२५ पर्यंत शिथिल करण्यात आली होती. असे बदल प्रवाशाला तपासणीच्या टेबलावर न कळता तिकिटासोबत कळावयास हवेत.

आ) समकालिक नियंत्रण : काम चालू असतानाच दुरुस्ती करणे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली व मुंबई विमानतळांवर प्रचंड गर्दी झाली असता क्ष-किरण यंत्रे वाढविणे, गर्दीच्या तासांतील काही उड्डाणे हलविणे आणि प्रवेशद्वारांवर प्रतीक्षाकाळ दर्शविणे असे उपाय योजण्यात आले. हे सर्व उपाय उपयुक्त होते. परंतु संकट ओढवल्यानंतर ते झाले. रांग ठरावीक खुणेपलीकडे गेली की पुढची मार्गिका आपोआप उघडावी, असा नियम आधीच ठरलेला असेल तर वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

इ) प्रत्याभरण नियंत्रण : झालेल्या कामाचे मोजमाप करून सुधारणा करणे. येथे केवळ सरासरी प्रतीक्षाकाळ पाहणे दिशाभूल करणारे ठरते. दुपारच्या रिकाम्या तासांमुळे सरासरी चांगली दिसते व पहाटेचा त्रास झाकला जातो. म्हणून शंभरातील पंच्याण्णव प्रवाशांची तपासणी किती मिनिटांत झाली, हा निकष अधिक विश्वसनीय होय. त्यासोबत गुप्त चाचण्यांतील यशाचे प्रमाण, पुन्हा उघडाव्या लागलेल्या पिशव्यांचे प्रमाण व तक्रारी यांचाही एकत्रित विचार व्हावा.

तंत्रज्ञान व प्रतिष्ठा :

३१ मार्च २०२३ पासून पुण्यात ‘डिजियात्रा’ सेवा सुरू झाली. चेहऱ्याच्या ओळखीवरून प्रवेश मिळत असल्याने कागदपत्रे पाहण्याचा वेळ वाचतो. तथापि, प्रवेशद्वारावरील वेग वाढला आणि पुढील तपासणीची क्षमता तीच राहिली, तर गर्दी केवळ एका दारातून दुसऱ्या दारासमोर सरकते. लॅपटॉप बाहेर न काढता पिशवीची त्रिमितीय प्रतिमा देणारी सीटी यंत्रे हा अधिक मूलगामी उपाय आहे, कारण तो अरुंद टप्प्यावरच काम करतो. मात्र यंत्राने नियमांचा पुनर्विचारही घडवून आणावा लागतो. १ एप्रिल २०१७ पासून देशातील सात विमानतळांवर हातातील सामानाच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत बंद झाली व पुढे ती इतरत्रही बंद होत गेली. कॅमेऱ्यांची व्यवस्था सक्षम झाल्यावर शिक्क्याचे प्रयोजन उरले नव्हते. कालबाह्य पायरी वगळणे हेही नियंत्रणच आहे.

प्रवाशाची प्रतिष्ठा हा या विषयाचा तितकाच महत्त्वाचा पैलू आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेत्री व नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी विमानतळावर प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढावा लागत असल्याची व्यथा जाहीरपणे मांडली. त्यावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. अपंग, वृद्ध व आजारी प्रवाशांना कसे वागवावयाचे, हे समोरच्या कर्मचाऱ्याच्या स्वभावावर न सोडता लिखित कार्यपद्धती, स्वतंत्र कक्ष व प्रशिक्षण यांवर आधारलेले असावे.

निष्कर्ष :

१) लांब रांगेचे मूळ केवळ अपुऱ्या मनुष्यबळात नसून गर्दीचे तास व उपलब्ध क्षमता यांच्यातील विसंगतीत आहे.
२) पुण्यात हवाई दलाच्या तळामुळे उड्डाणे ठरावीक वेळांत एकवटतात, त्यामुळे येथे ताशी नियोजनाचे महत्त्व इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे.
३) रांग घटविणे हे सुरक्षेच्या विरोधात नाही, अनियंत्रित घाई मात्र विरोधात आहे.
४) अनेक यंत्रणांत विभागलेल्या जबाबदारीमुळे एकत्रित उत्तरदायित्व क्षीण होते.

शिफारशी :

१) प्राधिकरण, सुरक्षा दल, विमान कंपन्या व हवाई दल यांनी प्रत्येक हंगामाचे वेळापत्रक ठरवितानाच तपासणीची ताशी क्षमता विचारात घ्यावी.
२) प्रतीक्षाकाळ व शोधक्षमता हे दोन्ही निकष एकाच अहवालात, एकत्रच तपासले जावेत. गुप्त चाचण्यांचा तपशील अर्थातच गोपनीय राहावा.
३) सामान ट्रेमध्ये ठेवण्यासाठी व पुन्हा भरण्यासाठी लांब टेबले आणि मार्गदर्शक कर्मचारी असावेत. हे काम सुरक्षा दलाच्या प्रशिक्षित जवानांवर टाकू नये.
४) महिला तपासणी कक्षांची संख्या त्या-त्या तासाच्या महिला प्रवाशांच्या प्रमाणात ठेवावी.
५) प्रतिमा पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांची अदलाबदल गर्दीतही टाळली जाऊ नये.
६) तपासणीस लागणारा अपेक्षित वेळ प्रवाशांना घरून निघण्यापूर्वी मोबाईलवर कळावा.
७) नवीन इमारतीच्या आराखड्यासोबतच सुरक्षा मनुष्यबळाचा प्रस्ताव मंजूर व्हावा.

समारोप :

सुरक्षा तपासणीचे यश सहसा दिसत नाही, कारण ते न घडलेल्या घटनेत असते. त्यामुळे तिचे मोजमाप सोप्या व डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीने, म्हणजे रांगेच्या लांबीने, करण्याचा मोह होतो. किंवा ‘सुरक्षेचा प्रश्न आहे’ असे म्हणून मोजमापच टाळले जाते. ही दोन्ही टोके घातक आहेत. जी व्यवस्था प्रवाशाच्या वेळेचा हिशेब ठेवते, तीच त्याच्या पिशवीकडे शांत चित्ताने पाहू शकते. एक कोटीहून अधिक प्रवाशांचा भार वाहणाऱ्या लोहगावसारख्या विमानतळावर नियोजन, प्रत्यक्ष देखरेख व प्रामाणिक मोजमाप यांची सांगड घातली गेल्यास जलद आणि निर्धोक तपासणी ही एकमेकांना पूरक असल्याचे प्रत्यक्षात दिसून येईल.